संकर्षणचं बीबीए

गाणगापुरात देवळाकडून संगमाकडे जाताना प्रसादाची, रुद्राक्षांची, पितळी पादुकांची दुकानं संपली की डाव्या हाताला रामाचार्यांचं घर लागतं. पुढं ओसरी, आत देवघर आणि स्वयंपाकघर, मागच्या अंगणात यात्रेकरूंसाठी बांधलेल्या खोल्या. सोलापूर, बार्शी, तुळजापूर, अंबाजोगाई भागातली कितीतरी कुटुंबं पिढीजात इथंच उतरतात. रामाचार्य त्यांचे संकल्प सांगायचे, अभिषेक करवायचे. शारदाबाई नैवेद्याचा आणि जेवणाचा स्वयंपाक करायच्या. या जोडप्याला दोन मुलं. थोरला संकर्षण आणि त्याच्या पाठची मैत्रेयी.

मुंज झाली त्याच वर्षी रामाचार्यांनी संकर्षणला एका मठाच्या पाठशाळेत नेऊन ठेवलं. तेव्हा त्याची तिसरी झाली होती. मैत्रेयी मुलगी, म्हणून तिचं नाव गावातल्या सरकारी शाळेत तसंच राहिलं. घरात कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. वाटलं असेल तर एकट्या मैत्रेयीला, तेही भलत्याच कारणानं. अण्णा वर्षातून दोनदा घरी आला की आई पुरण घालायची. ओसरीवर टेकलेली मोठमोठी माणसं त्या एवढ्याशा पोराला वाकून नमस्कार करायची. मैत्रेयी दाराआडून बघायची आणि तिला वाटायचं, अण्णाला निवडून पाठवलंय, आपण नुसत्या उरलोय. उरलेल्यांनी शाळेत जायचं असतं.

दोन हजार वीसच्या मार्चात देशभर सगळं बंद झालं तेव्हा पाठशाळेनंही मुलं घरी धाडली. संकर्षण अठरा वर्षांचा होता. अंगानं बारीक, आवाज मात्र खर्जातला, शेंडीला गाठ, आणि बोलताना समोरच्याच्या पायाकडं बघायची सवय. देऊळ बंद, रस्ता सुनसान, मागच्या खोल्यांना कुलपं. पहिल्यांदाच चौघंही इतके दिवस एकत्र राहिली. दुपारी रामाचार्य ओसरीवर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. एकदा ते शारदाबाईंना म्हणाले, "माणसं यायची कधी, काय की."

त्या संध्याकाळी गच्चीवर पापड गोळा करताना संकर्षण मैत्रेयीला म्हणाला, "आपल्याकडं लोक कामून येतात, सांग."

"दर्शनाला."

"दर्शनाला थोडे. बाकीचे कुणाला काही झालंय म्हणून येतात. पोरगी बोलेना, मुलाला झटके यायलेत, घरात कुणी सुखानं झोपेना. अप्पा वाट बघायलेत ती अशाच लोकांची. त्यांची पीडा कमी झाली तर आपलं कसं व्हायचं, हे काही माझ्या डोक्यातून जाईना."

"मग काय करणार तू?"

"मला असं काहीतरी शिकायचंय की ज्यात लोक आनंदानं येतील. दुकान म्हण, हॉटेल म्हण, गाड्या म्हण. पण नीट शिकून. अर्धवट नको."

असं करायचं तर काय शिकतात हे त्याला ठाऊक नव्हतं. ते मैत्रेयीनंच सांगितलं. ती त्या वर्षी दहावी होऊन अफझलपूरला पीयूसीला, म्हणजे अकरावीला, कॉमर्स घेणार होती. तिच्या शाळेतल्या बाईंचा मुलगा कलबुर्गीत बीबीए करत होता. धंदा कसा चालवायचा, माणसं कशी सांभाळायची, हिशेब कसा ठेवायचा, माल कसा खपवायचा, सगळं त्यात असतं असं तिनं ऐकलं होतं. संकर्षणनं तो शब्द दोन-तीनदा म्हणून बघितला.

रामाचार्यांना सांगायला त्यानं चार महिने लावले. ते रागावतील असं दोघा भावंडांना वाटत होतं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चल, विचारून तरी येऊ." आणि बस सुरू झाल्यावर ते तिघं कलबुर्गीला गेले. मैत्रेयीला सोबत घेतलं, कारण इंग्रजीतली पाटी वाचणारी घरात ती एकटीच होती.

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागं एक वयस्कर क्लार्क बसले होते. रामाचार्यांचं उपरणं आणि अंगारा बघून त्यांनी आधी हात जोडले, मग कानडीत विचारलं, काय काम काढलंत? बीबीएचं म्हटल्यावर ते खुलून सांगू लागले. सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, कुठलीही शाखा चालते. फार मार्कं लागत नाहीत. वेगळी प्रवेशपरीक्षा नाही. फक्त बारावी पास पाहिजे.

"मुलगा दहा वर्षं शिकलाय," रामाचार्य म्हणाले.

"कुठं?"

रामाचार्यांनी मठाचं नाव सांगितलं. क्लार्कनी पुन्हा हात जोडले.

"बोर्ड कुठला, आचार्य?"

रामाचार्यांना प्रश्न कळला नाही. त्यांनी संकर्षणकडं बघितलं. संकर्षण खाली बघत होता. पाठशाळेत परीक्षा तोंडी व्हायची. गुरुजी समोर बसून कुठूनही म्हणायला लावायचे, आणि झाल्यावर शाल पांघरायचे. तिथं बोर्ड नव्हता. काही पाठशाळांच्या परीक्षा सरकार मानतं, क्लार्कनी शोधून सांगितलं, पण या मठाचं नाव त्यात नाही. "वाईट वाटून घेऊ नका. कॉम्प्युटर नाव घेतच नाही. बारावीचा नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." मग त्यांची नजर मैत्रेयीकडं गेली. "ही काय करते?"

"पीयूसी. कॉमर्स," मैत्रेयी म्हणाली.

"मग हिला दोन वर्षांनी आणा. हिला काही अडचण नाही."

परतीच्या बसमध्ये रामाचार्य खिडकीशी बसले होते. बाहेर बघत ते म्हणाले, "मी तुझं भलंच बघितलं होतं रे." संकर्षण म्हणाला, "व्हय अप्पा, मला माहीत आहे." मैत्रेयी मागच्या बाकावर होती. आपल्याला काही अडचण नाही, हे वाक्य घेऊन आता घरी कसं जायचं, हे तिला समजेना.

मुक्त शाळेतून दहावी आणि मग बारावी करता येते हे क्लार्कनीच सांगितलं होतं. संकर्षणनं ते मनावर घेतलं. पहिल्या वर्षी दहावी, आणि तिथून पुढं बारावीला आणखी दोन, कारण पाचही विषयांची बारावी दहावीनंतर लगेच करू देत नाहीत. वर्ग नव्हता, शिक्षक नव्हते. पहाटेची पूजा, यात्रेकरूंची संगमावर ने-आण, दुपारी पंगतीत वाढप, आणि ते आटोपल्यावर मागच्या रिकाम्या खोलीत पुस्तक. मैत्रेयी अफझलपूरहून आली की त्याला गणित आणि अकाउंट्स सांगायची. पाठांतराचं त्याला काहीच वाटायचं नाही, पानंच्या पानं राहायची. अडायचं ते दुसरीकडं. एखाद्या व्यवहारात कोणतं खातं नावे आणि कोणतं जमा, हे पाठ करता येत नाही, दर वेळी विचार करावा लागतो. तो चिडायचा नाही. चुकलेलं खोडून म्हणायचा, "परत सांग." कधी कधी मैत्रेयीच चिडायची आणि मग तिलाच वाईट वाटायचं, कारण दारात आई ताक घेऊन उभी असायची.

एकदा तिनं विचारलंही, "अण्णा, बारावी झाली की पुढचंही असंच घरून करता येतं. मुक्त विद्यापीठ आहे. एवढं बसनं जायचं-यायचं कामून?"

"एकट्यानं बसून पुष्कळ झालं," तो म्हणाला. "मला वर्गात बसायचंय. शेजारी कुणीतरी पाहिजे."

मैत्रेयी पीयूसी पास झाली आणि त्याच कॉलेजात बीबीएला गेली. कलबुर्गीच्या ब्रह्मपूर भागात मावशीकडं राहू लागली. तिचा प्रवेश एका सकाळीत झाला. पुढच्या वर्षी संकर्षणची बारावी झाली, विद्यापीठाकडून पात्रतेचा दाखला मिळाला, आणि वयाच्या एकविसाव्या वर्षी तो बहिणीच्या मागच्या वर्गात बीबीएच्या पहिल्या सेमिस्टरला बसला. रामाचार्य त्याला सोडायला आले होते. वर्गावर व्यवस्थापन शिकवणारे अरुणकुमार सर बिदरकडच्या चिटगुप्प्याचे, घरी मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे. त्यांनी रामाचार्यांना समजावून सांगितलं, की ही चार वर्षांची पद्धत आहे, दर वर्षी दोन सेमिस्टर. एक वर्ष करून सोडलं तर सर्टिफिकेट, दोन केली तर डिप्लोमा, तीन केली तर डिग्री, चौथं केलं तर ऑनर्स.

"म्हणजे मधे उतरला तरी रिकाम्या हातानं येत नाही माणूस," रामाचार्य म्हणाले. त्यांना ही व्यवस्था फार पटली.

त्या पहिल्या काही आठवड्यांत होता तितका खूश मैत्रेयीनं भावाला कधी बघितला नव्हता. शेंडी टोपीखाली लपवायचा. मुलांनी शोधून काढलीच, आणि त्याचं नाव 'आचारी' पडलं. तो त्या हाकेला ओ द्यायचा. भाषा दोन घ्यायच्या होत्या. एक कानडी. दुसऱ्या जागी संस्कृत छापलेलं होतं, पण शिकवायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं हिंदी घेतलं आणि घरी येऊन हसत हसत सांगितलं. शंभरातले चाळीस गुण कॉलेजच्या हातात. चाचणी, असाइनमेंट, सेमिनार. योगाला आणि खेळालाही गुण होते. हजेरी पंचाहत्तर टक्के हवीच. घरची पूजा करून पहिली बस धरली तरी पहिला तास बुडायचा, आणि अरुणकुमार सर दारातून आत येणाऱ्याला काही न बोलता मान हलवायचे.

सेमिनारचा दिवस मैत्रेयीच्या लक्षात राहिला, कारण ती मधल्या सुट्टीत मुद्दाम त्याच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. विषय होता नियोजनाचं महत्त्व, आणि बोलायचं इंग्रजीत. ज्यानं देवळाच्या मंडपात शेकडो माणसांसमोर तासभर न थांबता मंत्र म्हटले होते, तो फळ्यापुढं उभा राहिला आणि पाठ केलेलं एका दमात म्हणू लागला. शब्द सगळे बरोबर होते. पण चढउतार पाठशाळेतले. वर्ग आधी गप्प, मग एकेक करून हसू लागला. तो थांबला नाही, कारण थांबलं तर पुढचं सापडणार नव्हतं. सरांनी बोट ओठावर ठेवून वर्गाला दटावलं. मैत्रेयी दारातून मागं सरकली, त्यानं आपल्याला बघू नये म्हणून.

संध्याकाळी बसस्टँडवर त्यानं तिला विचारलं, "तू होतीस ना?"

"व्हय."

"फार वाईट झालं का?"

"न्हाई. जरा घाई झाली."

"पुढच्या वेळी मधे श्वास घेईन," तो म्हणाला.

पहिलं सेमिस्टर तो सगळ्या विषयांत पास झाला. अकाउंट्सला काठावर, पण पास.

दुसरं सेमिस्टर सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील, फाल्गुनातली गोष्ट. रामाचार्य बार्शीच्या मंडळींना घेऊन संगमावर गेले होते. पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर ओलसर शेवाळ. पाय सटकला आणि ते खुब्यावर पडले. सोलापूरला नेऊन शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तीन महिने पलंग सोडायचा नाही असं बजावलं.

पुढं उन्हाळ्याच्या सुट्ट्या. खोल्या भरलेल्या. शारदाबाईंनी स्वयंपाक बघायचा की नवऱ्याचं उठणं-बसणं? संकल्प कोण सांगणार? ठरलेली कुटुंबं दुसऱ्या घरी उतरली तर ती परत येत नाहीत, हे चौघांनाही माहीत होतं. कुणी संकर्षणला कॉलेज सोड म्हणालं नाही. तो सोमवारी गेला, मंगळवारी राहिला, बुधवारी गेला, मग तो आठवडा गेलाच नाही. मैत्रेयीनं मावशीकडून घरी येते म्हटलं तर रामाचार्य पलंगावरून म्हणाले, "तू येऊन काय करणार? संकल्प तुला सांगता येत न्हाई." ते टोचून बोलले नव्हते. खरं तेच बोलले होते. तरी ती शनिवार-रविवार यायची, भांडी घासायची, वडिलांना कुशीवर वळवायची, आणि त्या आठवड्यात वर्गात झालेलं भावाला सांगायची. तो ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपायचा.

परीक्षेच्या आधी नोटीस लागली. हजेरी कमी असलेल्यांत संकर्षणचं नाव होतं. मैत्रेयी अरुणकुमार सरांकडं गेली.

"वैद्यकीय कारण असेल तर थोडी सूट मिळते," सर म्हणाले. "पण विद्यार्थी स्वतः आजारी पाहिजे, मैत्रेयी. वडील आजारी असून चालत नाही."

"सर, वडील पडले म्हणूनच तो..."

"मला कळतं गं. माझ्या हातात असतं तर मी आत्ता सही केली असती."

तो रविवार घरात विचित्र गेला. मैत्रेयी म्हणाली, गावातल्या डॉक्टरांना सांगून अण्णाच्या नावानं दाखला घेऊ. कावीळ झाली होती म्हणून. संकर्षण म्हणाला, "मला काही झालं नव्हतं." ती म्हणाली, सगळेच देतात. तो म्हणाला, "असतील." मग पलंगावरून रामाचार्यांचा आवाज आला. ज्या माणसानं मुहूर्त चुकला तर चुकला म्हणून सांगितलं, कुणाच्या सांगण्यावरून घटका इकडची तिकडं केली नाही, तो माणूस म्हणाला, "घे लिहून, संकर्षणा. काय लागायचं ते पाप मला लागू दे."

शारदाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या आणि तशाच परत आत गेल्या. दुसऱ्या दिवशी संकर्षणनं दाखला आणला. कॉलेजात अर्जावर सही करताना त्याचा हात कागदावर बराच वेळ नुसता टेकलेला होता, हे मैत्रेयीनं बघितलं.

प्राचार्यांनी दाखला वाचला, हजेरीचा आकडा बघितला आणि चष्मा काढला. सूट मिळते ती काही टक्क्यांची. त्याची हजेरी निम्म्याच्याही खाली होती. "कावीळ असो नाहीतर आणखी काही असो, इतकं माफ करायचा अधिकार मला नाही. विद्यापीठालाही नाही. आणलं नसतंत तरी चाललं असतं." त्यांनी दाखला परत दिला.

बाहेर व्हरांड्यात मैत्रेयी म्हणाली, "अण्णा, मला माहीत नव्हतं. मी नियम वाचायला पाहिजे होता."

"जाऊ दे."

"मी उगीच तुला..."

"जाऊ दे म्हटलं ना." तो एरवी असं तोडून बोलत नसे. घरी गेल्यावर त्यानं वडिलांना सांगितलं की सूट मिळाली नाही, दाखल्याचा उपयोग झाला नाही. रामाचार्य डोळे मिटून पडले होते.

दुसरं सेमिस्टर नाही म्हणून वर्ष पुरं नाही, वर्ष पुरं नाही म्हणून सर्टिफिकेट नाही. ठीक, एक वर्ष गेलं. पुढच्या साली दुसरं सेमिस्टर पुन्हा करायचं, एवढंच. रामाचार्य काठी घेऊन चालू लागले होते, संकल्प बसल्या बसल्या सांगू लागले होते. संकर्षणनं मावशीकडं राहायचंही ठरवलं, म्हणजे पहिला तास बुडणार नाही. मैत्रेयीला वाटलं, आता होईल.

पण त्याच साली राज्यानं पद्धत बदलली. चार वर्षांचा अभ्यासक्रम गेला आणि पुन्हा तीन वर्षांची डिग्री आली. विषय बदलले, त्यांची जागा बदलली, गुणांची वाटणी बदलली. आधीच्या मुलांचं पुढं आधीसारखंच चालणार होतं. मैत्रेयीचं पाचवं-सहावं जुन्या पद्धतीनंच होणार होतं. नवीन आलेल्यांचं नव्यानं. संकर्षण दोहोंच्या मधे होता. त्याचं पहिलं सेमिस्टर जुन्या स्कीमचं, आणि आता जो दुसऱ्या सेमिस्टरचा वर्ग भरणार, तो नव्या स्कीमचा.

खिडकीमागचे तेच वयस्कर क्लार्क. त्यांनी कॉम्प्युटरवर खाली-वर केलं, शेजारच्याला विचारलं, फोन लावला. "तुझ्यासारखं आमच्याकडं आणखी कुणी नाही," ते म्हणाले. "विद्यापीठाला लिहून विचारतो. कुठले विषय चालतील, कुठले नव्यानं द्यावे लागतील, ते त्यांनी ठरवायचं."

उत्तर येईपर्यंत काय करायचं? अरुणकुमार सर म्हणाले, "वर्गात बस. नाव नंतर चढवू." म्हणून तो बसू लागला. शेवटच्या बाकावर, रोज, पहिल्या तासापासून. हजेरी घेताना सर एकेक नाव घेत, मुलं हजर म्हणत, आणि त्याचं नाव यायचं नाही. आजूबाजूची मुलं आता त्याच्यापेक्षा पाच-पाच वर्षांनी लहान होती. ती त्याला आचारी म्हणत नसत, सर म्हणत. एका मुलानं खरोखरच शिक्षक समजून त्याला तासाची वेळ विचारली.

मैत्रेयी सहाव्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टमध्ये होती. तरी दर आठवड्याला ती ऑफिसात डोकवायची. क्लार्क तिला बघूनच मान हलवायचे. एकदा ती आणि संकर्षण विद्यापीठातच गेले. तिथं एका टेबलानं दुसऱ्या टेबलाकडं पाठवलं, दुसऱ्यानं सांगितलं की समितीची बैठक व्हायची आहे. कुणी उद्धटपणे बोललं नाही. एका बाईंनी तर पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बसा थोडं, उन्हातून आलात." रागवायचं तरी कुणावर, असं तिला वाटलं. भांडण करावं असं समोर कुणी नव्हतंच.

उत्तर परीक्षेच्या तोंडावर आलं. जुन्या स्कीमचं एकच सेमिस्टर झालेलं असेल तर ते नव्या स्कीमला जोडता येत नाही. विद्यार्थ्यानं पहिल्या वर्षाला नव्यानं प्रवेश घ्यावा. अरुणकुमार सरांनी ते दोघांना आपल्या खोलीत बसवून वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा ठेवला.

"म्हणजे मी हे चार महिने..." संकर्षण म्हणाला.

"मला वाटलं होतं ते काहीतरी मार्ग काढतील. मी तुला बसवायला नको होतं."

"न्हाई सर. बसलो ते बरं झालं. मार्केटिंग कळलं मला." त्यानं हे मनापासून सांगितलं, आणि मैत्रेयीला तिथं बसवेना.

मैत्रेयीची डिग्री झाली. तिच्या कॉलेजात चौथं वर्ष निघालंच नाही, म्हणून तिसऱ्याला थांबली. सोलापुरात चादरी-टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत तिला काम मिळालं. निकाल लागला त्या दिवशी शारदाबाईंनी शिरा केला. रामाचार्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि काय म्हणावं हे न सुचून जो आशीर्वाद मुलांना देतात तोच दिला. संकर्षणनं शेजारीपाजारी स्वतः पेढे वाटले.

जुलैत प्रवेश सुरू झाले. मैत्रेयी सुट्टी काढून गाणगापूरला आली. दुपार होती, पंगत बसलेली. संकर्षण वाढत होता. शेवटची पानं उठल्यावर दोघं मागच्या अंगणात हौदाच्या कठड्यावर बसली.

"अण्णा, आता तीनच वर्षं आहेत. चारची तीन झाली."

"व्हय."

"वर्गात पहिल्यासारखंच आहे. थोडं तुला येतंच. अकाउंट्स तर..."

"मैत्रेयी," तो म्हणाला, "मी आठव्या वर्षी सुरुवात केली. मग अठराव्या वर्षी. मग एकविसाव्या. आता पुन्हा पहिल्या बाकावर जाऊन नाव सांगायचं. मला शिकायचं न्हाई असं न्हाई. सुरुवात करवत न्हाई."

"मी येईन सोबत. पहिल्या दिवशी."

तो हसला. "तू कुठं कुठं येणार."

ओसरीवरून रामाचार्य काठी टेकत आले, दोघांना बघून थबकले आणि जराशानं म्हणाले, "संकर्षणा, तू गेलास तर मी बघेन इथलं. बसून बसून करीन." ते खरंच बोलत होते, आणि त्यांना ते जमणार नाही हेही तिघांना दिसत होतं. जिना चढताना त्यांना अजून कुणीतरी धरावं लागायचं.

"बघू अप्पा," संकर्षण म्हणाला आणि पत्रावळी उचलायला गेला.

ती परत सोलापूरला आली. अरुणकुमार सरांनी फोन करून तिला शेवटची तारीख सांगितली होती. एक जागा शेवटपर्यंत धरून ठेवतो म्हणाले होते. त्या दिवशी सकाळपासून तिनं अण्णाला फोन लावला. वाजत राहिला. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला लावला.

"अण्णा कुठाय?"

"अंबाजोगाईची मंडळी आलीत, त्यांना घेऊन संगमावर गेलाय. सकाळीच गेला."

"आज शेवटची तारीख आहे, आई."

"माहीत आहे. काल सांगितलं मी त्याला. अप्पांनीबी सांगितलं."

"मग काय म्हणाला?"

शारदाबाईंच्या मागं भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी बाई मीठ मागत होती.

"काही न्हाई," त्या म्हणाल्या. "जेवायला उशीर होईल म्हणाला."